रिकाम्या टाकीचं निमित्त

"अलोइस, काटा लालच्याही खाली गेलाय," कुर्ट म्हणाला. "समोर पंप आहे. दोन लिटर टाक, आणि मग जा बाबा कुठं जायचंय तिथं."

"आपल्या बाजूला भरू? शनिवारी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

अलोइसनं ब्रेकला पायही लावला नाही. ईगेल गावचा पंप मागे पडला.

आमच्या मोझेल नदीकाठी सगळे असेच. पूल ओलांडला की दुसरा देश, लक्झेंबर्ग, आणि तिथलं पेट्रोल स्वस्त. म्हणून आठवडाभर टाकी पार तळाला आणायची आणि शनिवारी जीव मुठीत धरून सीमा गाठायची. अर्धी टाकी घेऊन तिकडे जाणाऱ्याला आमच्याकडे खुळा समजतात.

आजची घाई मात्र पेट्रोलसाठी नव्हती. बायको गेल्यापासून एकटा राहणारा अलोइस, धंद्यानं सुतार, आज पुलापलीकडच्या पंपावरच्या लिओनीला मागणी घालणार होता. गल्ल्यावर बसणारी, हसरी, तीही विधवा. दुपारी बाराला तिची नोकरी संपणार होती, कायमची. आज गाठ पडली नाही, तर शोधायचं कुठं? तिचं आडनावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. मनातलं हे सगळं त्यानं आज सकाळीच कुर्टला सांगितलं, आणि धीर द्यायला म्हणून त्याला गाडीत कोंबलं. कुर्ट म्हणजे शेजारी, आणि गावच्या बँडमध्ये वीस वर्षं शेजारच्याच खुर्चीवर.

"माझ्या गाडीनं जाऊ म्हटलं होतं मी," कुर्ट पुटपुटला. "टाकी भरलेली आहे."

"तुझी कधी नसते? भित्री भागूबाई! आणि भरल्या टाकीनं तिच्यासमोर जाऊ कोणत्या तोंडानं? काही निमित्त नको?"

"भरल्या टाकीनंही जाता येतं रे माणसाला."

"तू नको शिकवूस! जन्माचा ब्रह्मचारी!"

कुर्ट खिडकीतून द्राक्षमळे बघत राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो. दोस्तासाठी एवढं केलं, याचं अलोइसला फार बरं वाटलं.

"अलोइस, तुला एक सांगायचं होतं."

"पेट्रोलबद्दल?"

कुर्टनं काट्याकडे पाहिलं. "तसंच काहीसं."

"मग गप्प बस."

उतार लागला तशी अलोइसनं गाडी न्यूट्रलला टाकली. पंखा बंद केला, रेडिओही बंद केला, जणू तोही पेट्रोल पितो. त्याच्या जिभेला मात्र कुलूप नव्हतं.

"गेल्या शनिवारी काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, नोकरी सोडतेय, आता नदीच्या तुमच्या काठाला राहायला येणार. आणि लाजली! अरे, लाजली! मलाच कशाला सांगावं तिनं? तूच सांग ना!"

"काय सांगू," कुर्ट म्हणाला.

पुलावर नेहमीची रांग. गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या. मध्यावर पोचले आणि इंजिननं दोन उचक्या दिल्या, एक आचका दिला आणि मान टाकली. मागून भोंगे सुरू झाले.

"मेलो!" अलोइसनं स्टिअरिंगवर हात आपटला. "बारा वाजत आले! कुर्ट, उतर, ढकल!"

कुर्ट उतरला. डिकीवर हात ठेवून नुसताच उभा राहिला.

"अरे, बघतोस काय? ढकल ना गड्या! माझ्या उरलेल्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

कुर्टनं डोळे मिटले आणि जोर लावला. मागच्या गाड्यांतले दोघं-तिघं हसत हसत मदतीला धावले. इथं प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ आलेली. रांगेनं आपणहून वाट दिली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. अलोइस खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "आणखी! आणखी थोडं! शाब्बास रे माझ्या वाघा!"

गाडी लक्झेंबर्गात शिरली आणि डुगडुगत पंपासमोर थांबली. तेवढ्यात पलीकडच्या चर्चमध्ये बाराचे टोले पडू लागले.

अलोइस उडी मारून उतरला. केसांवरून हात फिरवला. दुकानाचं दार उघडलं आणि लिओनी बाहेर आली. अंगात कोट, हातात सोबतिणींनी दिलेला गुच्छ. गाडी दिसताच तिचा चेहरा उजळला आणि ती झपाझप चालत थेट त्यांच्याकडेच निघाली.

"बघ! आली बघ!" अलोइस कुजबुजला आणि दोन पावलं पुढं झाला. "लिओनी, मला तुम्हाला एक विचारायचं..."

"अलोइस! तुम्ही आणलंत होय याला?" तिनं आनंदानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मग त्याच्या खांद्यावरून, घामानं निथळत उभ्या असलेल्या कुर्टकडे पाहिलं.

"सांगितलंस ना रे यांना आपल्या लग्नाचं?"