बक्कल

मी चालवते त्या लेखन कट्ट्यावर नियम आहे, चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. स्वतःची कथा वाचून मृदुला गप्प बसली. कथेतला नवरा पट्ट्याच्या बकलाने बायकोची पाठ फोडून काढतो. ऐकता ऐकता माझा चहा निवला होता.

"पाठीवर? साफ चूक!" मृदुलाचा नवरा, आमच्यातला सगळ्यात कडक टीकाकार, तावातावाने म्हणाला. "ब्लाउजमधून वळ दिसतात. मांडीवर मारतात. तेही तोंडात बोळा कोंबून, नाहीतर शेजारी ऐकतात."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोललो ते त्याला उशिरा कळलं.

"मृदुलाताई, आता तुम्ही बोला," मी कसंबसं म्हटलं.

"चूक मुद्दाम ठेवली होती," ती म्हणाली. "ह्यांना कुणाची चूक सहन होत नाही."