पहिली वेलांटी

पोलीस अधिकाऱ्याने हॉस्पिटलचं संमतीपत्र टीपॉयवर सुनेसमोर ठेवलं. कागदावर सही सासूच्या नावाची होती. केली होती सुनेने.

समोर थोरले दीर हाताची घडी घालून बसले होते. तक्रार त्यांचीच. आईचा पाय सडत चालला होता, डॉक्टर तो काढायला सांगत होते, पण आई शुद्धीत असेपर्यंत नाहीच म्हणत होती, हे त्यांनी अधिकाऱ्याला आधीच सांगितलं होतं. मग सही आली कुठून, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सुनेचा नवरा जहाजावर होता. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता.

अधिकारी आवाज चढवत नव्हता. तिला त्याचीच धास्ती वाटत होती.

"दुसऱ्याच्या नावाने सही करायची, आणि ती त्यानेच केली असं समोरच्याला भासवायचं," तो म्हणाला, "याला कायद्यात बनावट दस्तऐवज करणं म्हणतात, बाई. तुरुंगवास होतो."

"पण जीव वाचला ना त्यांचा."

"म्हणजे सही तुम्ही केलीत?"

तिने पदर मांडीवर ओढून घेतला. आता ठाण्यावर चला म्हणाले तर मुलीला शाळेतून कोण आणणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सासू चाकाच्या खुर्चीतून स्वतःच बाहेर आली. हॉस्पिटलमधून आल्यापासून ती सुनेशी एक अक्षर बोलली नव्हती. ताट घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. तिने कागद मागितला, डोळ्यांजवळ धरला.

"माझीच आहे," ती म्हणाली.

थोरला उठून उभा राहिला. नावात वेलांटी पहिली आहे, आई कायम दुसरी काढते, असं तो अधिकाऱ्याला दाखवू लागला. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेली बाई स्वतःच्या नावात चुकेल?

"तापात नाव आठवलं हेच खूप झालं," सासू म्हणाली.

अधिकाऱ्याने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. सासूने सावकाश सही केली. वेलांटी पहिली काढली.

दोन्ही कागद त्याने शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग सुनेकडे पाहिलं. जिच्या नावाची सही तीच आपली म्हणते म्हटल्यावर पुढे काही राहत नाही, असं काहीसं पुटपुटत तो उठला. थोरला आईकडे न बघता त्याच्या मागोमाग निघून गेला.

सून खुर्चीपाशी खाली बसली. रडू फुटत होतं.

"आई, तुम्ही मला..."

सासूने मांडीवरची चादर सारखी केली. एका बाजूला ती सपाट पडली होती.

"सही माझी आहे असं मी त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "तुला नाही सांगितलं."