प्रिय ग्राहक

वह्या-पेनांच्या दुकानातल्या ताईने बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर एकदाचं बदललं. जुन्यात ग्राहकांची नावं फक्त तिलाच दिसायची, म्हणून तिने ती मनाला येतील तशी टाकली होती. नव्या सॉफ्टवेअरने तीच नावं उचलली आणि सुरू होताक्षणी सगळ्यांना नावानिशी मेसेज धाडले: 'प्रिय घासाघीस काकू, आपले आभार!'

ताईने घाईघाईने कंपनीत फोन लावला. "दादा, ते मेसेज परत घ्या ना."

"गेलेले कसे परत घेणार, ताई? आणि चारशे जणांनी वाचलेतसुद्धा. रिस्पॉन्स झकास आहे."

काकू हसतच आल्या आणि नावाला जागून दहा रुपये कमी करून घेऊन गेल्या. पण ताईचा जीव अडकला होता 'वेळखाऊ आजोबां'पाशी. एका खोडरबराच्या निमित्ताने ते रोज तासभर गप्पा मारत बसायचे. ते नाव तिने पहिल्याच आठवड्यात वैतागून टाकलं होतं. आता त्यांना यायला उशीर झाला, की तीच रस्त्याकडे डोळे लावून बसायची.



आजोबा आले, स्टुलावर न टेकताच डझनभर वह्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "बिल कर पोरी, लगेच निघतो."