तिसऱ्या मजल्यावरची नोकरी

डुलुथमधली कागदाची गिरणी बंद पडली, तेव्हापासून मार्लिस घरीच होती. अशात तिला एका कचेरीतून बोलावणं आलं. काम फक्त फोन घ्यायचं आणि पगार गिरणीच्या तिप्पट.

"एवढं कुणी उगाच देत नाही हं," गाडी थांबवत बहीण इंगा म्हणाली. "मी इथेच बसते. काही काळंबेरं वाटलं तर सरळ निघून ये."

पण वर सगळं खरं निघालं. दारावर पाटी होती, आत माणसं कामाला लागलेली होती. साहेबांनी एकही अवघड प्रश्न विचारला नाही. मार्लिसचा जीव भांड्यात पडला. तिने सही करून टाकली.

तेवढ्यात इंगाचा फोन आला. ती घाबरून विचारत होती.

"अगं, रडतेस काय अशी? काच का बडवतेयस?"

"कोण, मी?"

"तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत! दिसतेयस मला. थांब, मी आलेच वर."

फोन बंद झाला. मार्लिसने सावकाश मान वळवली. खोलीला चारही बाजूंनी नुसत्या भिंती होत्या. खिडकी नव्हतीच.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"येऊ द्या की बहिणीला," ते मायेने म्हणाले. "तिच्यासाठीही जागा आहे."