साक्षीदाराचा रकाना

अर्ज भरून झाला तेव्हा बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद हातभर लांब धरून डोळे भरून पाहिला. सदतीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेला माणूस. एक रकाना रिकामा नाही की एक काना वाकडा नाही. लेकीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि ते त्यांनी अगदी हौसेने केलं होतं.

हा विमा घ्यायला लावला होता तोही त्यांनीच. लेक कुठल्याच वर्तमानपत्राच्या पगारावर नव्हती. बातमी छापून आली की तेवढ्यापुरती ती त्यांची, एरवी कुणाचीच नाही. "नोकरी नाही तर नाही, निदान विमा तरी असू दे," असा त्यांनी इतका लकडा लावला की कटकट नको म्हणून तिने सही केली होती. स्वतंत्र पत्रकारांसाठीचा विमा. कामावर असताना अपघात झाला तर ऑपरेशनसकट सगळा खर्च.

समोरच्या खुर्चीत विमा कंपनीचा तपासनीस बसला होता. तरुण, बोलायला गोड.

"झालं का काका? आज शेवटचा दिवस, म्हणून म्हटलं आपणच जावं."

"झालं. एकदा हिच्या नजरेखालून घालतो."

लेकीने डाव्या हाताने कागद घेतला. ठिकाण, औषधांचं गोदाम. कारण, फोटो काढताना खोक्यांच्या थप्पीवरून पडणे. तिची मान हलत होती. मग ती हलायची थांबली.

"बाबा, जरा आत या."

स्वयंपाकघरात आल्यावर तिने दार लोटलं. "हे नाव का लिहिलंत?"

"का म्हणजे? साक्षीदार कोण, असं विचारलंय. त्या वॉचमनने तुला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. मी पोचेपर्यंत जागचा हलला नाही. त्याचं नाव नाही लिहायचं तर कुणाचं?"

"बाबा, रात्री गोदामात कुणी नसताना त्यानेच मला आत घेतलं होतं. तारीख उलटलेल्या औषधांवर नवी लेबलं चिकटवतात, ते त्याने दाखवलं. तिथे साठ माणसं कामाला आहेत. आत कुणी घेतलं, हे त्याच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

बाबा ओट्याला टेकले. दवाखान्याच्या बाकावरून उठताना तो वॉचमन म्हणाला होता, "माझं नाव कुठे घेऊ नका हं, काका." बाबांना तो विनय वाटला होता. एवढ्या भल्या माणसाची कुठेतरी नोंद व्हायलाच हवी, म्हणून तर त्यांनी ते नाव सगळ्यांत सुबक अक्षरात लिहिलं होतं.

ते बाहेर आले. "साहेब, साक्षीदाराच्या नावाचं तुम्ही पुढे काय करता?"

"काही नाही हो. गोदामाच्या मालकांना पत्र पाठवतो. हा माणूस तुमच्याकडे आहे का, त्याने पाहिलं का, एवढंच. पद्धत आहे तशी."

बाबांनी दारात उभ्या लेकीच्या हाताकडे पाहिलं. प्लास्टरमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, सुजलेली. आठवड्याच्या आत ऑपरेशन करून हाडं जोडली नाहीत तर ही बोटं पेन धरणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, जाऊ दे ना, जगाचं जग बघेल, आपल्या पोरीचा हात आधी. असं वाटल्याची त्यांना लाज वाटली नाही. भीती मात्र वाटली.

त्यांनी अर्जाचे दोन तुकडे केले, मग चार, मग नाव वाचता येणार नाही इतके.

"लिहिताना चुकलो. कोरा अर्ज आहे का दुसरा?"

तपासनीसाने बॅगेतून काढून दिला. बाबांनी तो पहिल्यापासून भरला, तितक्याच सावकाश. साक्षीदाराच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी पट्टी मागून घेतली आणि त्यात एक सरळ रेघ मारली.

"काका, हा रकाना राहिला."

"राहिला नाही. रेघ मारलीय."

"मग दावा मंजूर व्हायचा नाही. अहो, कुणाचंही नाव घाला. एखाद्या शेजाऱ्याचं घाला."

"नसलेलं लिहायचं असतं तर हिचा हात कशाला मोडला असता?" बाबांनी अर्ज पुढे सरकवला. "नामंजूर करायचा तर करा. माझ्याकडून तो पूर्ण आहे."

तपासनीसाने अर्ज बॅगेत घातला आणि जाताना दार हळूच लावून घेतलं.

लेक अजून स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. "बाबा, ऑपरेशन..."

"ठरल्या दिवशी होईल. माझी ठेव मोडू. बस इथे."

त्यांनी आखीव कागदांची वही ओढली, समास सोडला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"हं, सांग आता. बातमीचं पहिलं वाक्य काय लिहू?"