उजवीकडचा रकाना

"शेवटचा परिच्छेद काढला तर चालेल ना, बाई?" काशिनाथांनी विचारलं.

अँजेलिनाने मान डोलावली. फ्लॅटवाल्यांनाही नळाला पाणी हवं असतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही, असं तिने त्या परिच्छेदात लिहिलं होतं. जागा कमी पडतेय म्हटल्यावर तिने हट्ट धरला नाही.

गावं महापालिकेत घ्यायची की वगळायची, यावरून त्या वर्षी सगळी वसई दुभंगली होती. अँजेलिना होळी गावातली, माणिकपूरच्या शाळेत शिकवायची. 'खाडीकाठ'च्या रविवारच्या विचारपानावर डावीकडे ती गावांच्या बाजूने लिहायची. उजवीकडे महापालिकेच्या बाजूने 'चाबूक' लिहायचा. हा चाबूक कोण, हे पानाचे संपादक काशिनाथ सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव उघड न करण्याचा शब्द दिलाय, एवढंच ते सांगत.

मालकांना अँजेलिनाचं लिखाण नको होतं. काशिनाथ तिच्यासाठी मालकांशी भांडले, असं ऑफिसात सगळे म्हणत. त्यामुळे तिचा त्यांच्यावर फार जीव होता. टँकरच्या पाण्यावरून याच पानावर पूर्वी कसे वाद व्हायचे, ते काशिनाथ चहा घेता घेता सांगत.

"तेव्हा लोक वाचून मत बदलायचे," ते एकदा म्हणाले. "आता आपला माणूस समोरच्याला कसा सोलतो, तेवढं बघायला वाचतात."

मग त्यांनी विचारलं, इतक्या पोटतिडकीने लिहिता, घरी काही झालंय का? आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. चहा निवला तरी ती बोलत होती.

पावसाळा सरला आणि एका रविवारी चाबूकने तिच्या घरालाच हात घातला. गाव वाचवायला निघालेल्या बाईंच्या सख्ख्या भावाने म्हाताऱ्या आईचा अंगठा घेऊन वाडी बिल्डरला विकली, तेव्हा बाई मूग गिळून का बसल्या होत्या, असं त्याने विचारलं होतं.

त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या दिवसापासून आईने चर्चमध्ये मिस्साला जाणं सोडलं.

अँजेलिनाचं डोकं भणभणलं. शाळेत तिने हे एकट्या श्रीरंगसरांना सांगितलं होतं. श्रीरंग मराठी शिकवायचे, माणिकपूरच्या सोसायटीत राहायचे आणि महापालिका हवी असं उघड म्हणायचे. तरी मधल्या सुट्टीत दोघांचे डबे एकाच टेबलावर उघडत. तिच्या डब्यातली सुकट ते आवडीने खात.

सोमवारी तिने पेपर त्यांच्यापुढे टाकला.

"मी नाही, टीचर," श्रीरंग म्हणाले. "मला लिहायचं असतं तर नाव घालून लिहिलं असतं."

तिचा विश्वास बसला नाही. इतकं रेखीव मराठी दुसरं कोण लिहिणार होतं? संध्याकाळी ती काशिनाथांकडे गेली आणि चाबूक म्हणजे श्रीरंगच ना, असं सरळ विचारलं.

काशिनाथांनी चष्मा काढून पुसला. "मी शब्दाला बांधलेला माणूस. हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. पण तुम्ही नाव घेऊन लिहिलंत, तर या खेपेला एक शब्दही कापणार नाही."

तिने लिहिलं. नाव, शाळा, सगळं. त्या रविवारी पेपर मिळेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा स्टँडवर गावातल्या काही पोरांनी श्रीरंगना गाठलं. तोंडाला काळं फासायचं, एवढाच त्यांचा बेत होता. झटापटीत श्रीरंग मागे पडले आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. त्यानंतर ते एकदाच शुद्धीवर आले. गुरुवारी पहाटे गेले.

अँजेलिना हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होती. श्रीरंगची बायको जयवंती तिच्यासमोरून जाताना थांबली.

"टीचरना कुणी बोल लावू नका म्हणाले," जयवंतीने कोरड्या आवाजात सांगितलं. "म्हणून मी काही बोलत नाही."

अँजेलिना तिथून तडक 'खाडीकाठ'च्या ऑफिसात आली. काशिनाथांनी उठून तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. यापुढे आपण ओळही लिहिणार नाही, असं तिने सांगितलं. चाबूक गेला, आता ते भांडणही संपलं. या रविवारी उजवीकडचा रकाना सरांसाठी कोराच सोडा, एवढी तिची विनवणी होती.

काशिनाथांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सरांवर चार शब्द तुम्हीच लिहा, मन हलकं होईल, लोकही वाट बघतायत, असं ते मायेने म्हणाले. तिने डोळे पुसले आणि होकार दिला.

मग त्यांनी संगणकावर पान लावणाऱ्या सुमेधला हाक मारली.

"सुमेध, पान नेहमीसारखंच. डावीकडे बाईंची श्रद्धांजली घे. उजवीकडे चाबूक. मी सकाळीच लिहून ठेवलाय."