खालचा मजला

सामान उतरलं. धाकटी जाऊ तान्ह्या बाळाला घेऊन खालच्या मजल्यावर शिरली आणि आधी थोरल्या दिराच्या पाया पडली.

"दादा, तुम्ही देवमाणूस निघालात."

देवमाणसाने तोंडभर आशीर्वाद दिला आणि टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायला तो बाहेर गेला.

त्याची बायको, थोरली, भिंतीतलं कपाट पुसत होती. याच मजल्यापायी दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं. मग इथल्या घरांत जमिनीतून घातक वायू येतो असा गल्लीत बोभाटा झाला, म्हणून थोरल्याने हवा तपासणाऱ्याला बोलावलं. त्याने वर-खाली वायू मोजायची एकेक डबी ठेवली, पुढे कधीतरी येऊन नेली आणि निकाल सांगितला. रेडॉन. जमिनीतून येणारा वायू, ना रंग ना वास. खाली मर्यादेच्या सहापट, वर अगदी नाममात्र. बंद खोलीत साचतो, वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. वायू बाहेर ओढायला फरशीखाली पाइप घालून पंखा बसवा, म्हणाला, आणि तोवर निदान खिडक्या तरी उघड्या ठेवा. थोरल्याने त्याला चहा पाजला. संध्याकाळी भावाला फोन लावला.

"रक्ताचं नातं आहे रे आपलं. खालचा मजला तुझा."

फोन ठेवून बायकोकडे वळला. "तोंड उघडलंस तर याद राख."

तिने उघडलं नव्हतं. पण आता बाळाने एवढीशी जांभई दिली आणि तिला राहवलं नाही.

"अगं, तू बाळाला घेऊन वर माझ्याकडेच झोपत जा ना. इथली हवा बरी नाही."

धाकटीचा चेहरा पडला, मग पारा चढला. "ताई, दादांनी मनापासून दिलंय. तुमच्या का पोटात दुखतंय?"

थोरली लालबुंद झाली. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण हिच्यासाठी नवऱ्याचा मार कोण खाणार? मरो मेली, तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. तिने पुन्हा फडकं उचललं.

बाळ शिंकलं. धाकटी लगबगीने एकेक खिडकी लावत सुटली. "वारा बाधेल गं माझ्या सोन्याला." शेवटच्या खिडकीची कडी काही बसेना. बाळाला एका हातावर पेलत ती झटत राहिली.

थोरली पुढे झाली.

"तशी नाही बसत ती. दार जरा वर उचलावं लागतं," ती म्हणाली, आणि तिने कडी घालून दिली.